भर उन्हाळ्यात पाणी पिऊनही वडिलांचे सोडियम का घसरले? पाणी आणि मीठ सांभाळणाऱ्या संप्रेरकांविषयी

अनुजा, मानेवाडा

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांना बऱ्याच वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास असून एप्रिलच्या अखेरीस त्यांच्या जुन्या गोळीच्या जागी क्लोरथॅलिडोन असलेली गोळी सुरू करण्यात आली. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास राहू लागला, तेव्हा आम्ही त्यांच्या उशाशी माठातील पाण्याचा तांब्या भरून ठेवत होतो आणि तेही आठवणीने पाणी पीत होते. भूक मात्र मंदावली होती. सकाळी चहा आणि टोस्ट, दुपारी चार घास वरण-भात आणि रात्री पुन्हा चहा, एवढाच आहार उरला होता. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे दिवस, सुरू होताना त्यांना मळमळू लागले, चालताना तोल जाऊ लागला आणि बोलण्यात विसंगती येऊ लागली. ऊन लागले असावे अशा समजुतीने आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. परंतु ताप नव्हता आणि रक्ततपासणीत सोडियम ११८ आले.

डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, सलाइन अतिशय मोजून दिले, पिण्याच्या पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आणि रक्तशर्करा, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सकाळचे कॉर्टिसोल (ॲड्रिनल ग्रंथीचे संप्रेरक), तसेच लघवीची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) व लघवीतील सोडियम अशा तपासण्या केल्या. आता वडील घरी आहेत, सोडियम १३६ आहे आणि त्यांचे बोलणे-चालणे पूर्ववत झाले आहे. उपचारांविषयी मला कोणतीही शंका नाही. मला समजून घ्यायचे आहे ते शरीराचे कार्य. शरीरात पाणी जास्त झाले होते, तर मूत्रपिंडांनी ते लघवीवाटे बाहेर का टाकले नाही? हे काम एखाद्या संप्रेरकाच्या हाती असेल, तर त्या संप्रेरकाला आपण कधी स्रवायचे आणि कधी थांबायचे हे कसे कळते? आणि सोडियम कमी झाले असताना थायरॉइड आणि मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींची तपासणी कशासाठी केली जाते? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर मी आभारी राहीन.

निवृत्त प्राध्यापक, महाल

अनुजाताई, मी आयुष्यभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे आणि आपण विचारलेला प्रश्न अंतःस्रावी संस्थेच्या अगदी गाभ्याचा आहे असे मला वाटते. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

प्रथम ११८ या आकड्याचा अर्थ पाहू. रक्तातील सोडियमचा आकडा शरीरात एकूण मीठ किती आहे हे सांगत नाही. एक लिटर रक्तद्रवात सोडियम किती आहे, एवढेच तो सांगतो आणि तो साधारणपणे १३५ ते १४५ मिलिमोलच्या दरम्यान असतो. वरणात पाणी वाढले की ते अळणी लागते, पण पातेल्यातील मीठ तेवढेच असते. सोडियमचा अहवाल वाचताना हीच गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आकडा घसरला की बहुतेक वेळा मिठाच्या मानाने पाणी जास्त झालेले असते. म्हणून सोडियम कमी का झाले, या प्रश्नाचे उत्तर आधी पाणी सांभाळणाऱ्या संप्रेरकापाशी शोधावे लागते.

हे संप्रेरक म्हणजे व्हॅसोप्रेसिन. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील चेतापेशींमध्ये तयार होते, त्याच पेशींच्या लांब तंतूंमधून खाली पिट्यूटरी ग्रंथीच्या मागच्या भागात उतरते आणि तेथे साठून राहते. अवघ्या ९ अमिनो आम्लांचा हा रेणू प्रयोगशाळेत प्रथम तयार केला तो व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी, आणि ऑक्सिटोसिन व व्हॅसोप्रेसिन या दोन संप्रेरकांवरील कार्याचा समावेश असलेल्या संशोधनासाठी त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

व्हॅसोप्रेसिन कधी स्रवायचे, हे ठरवणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसमध्येच असतात. रक्त थोडे जरी दाट झाले, म्हणजे त्यातील विरघळलेल्या कणांचे प्रमाण वाढले, तरी या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते, पेशी आकसतात आणि त्या आकसण्यानेच त्यांच्यात विद्युत संदेश निर्माण होतो. रक्त पातळ झाले की पेशी फुगतात आणि संदेश थांबतो. रक्ताच्या ऑस्मोलॅलिटीत केवळ एक ते दोन टक्के फरक पडला तरी व्हॅसोप्रेसिनचे प्रमाण बदलते, इतकी ही यंत्रणा संवेदनशील आहे. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ई. बी. व्हर्नी यांनी कुत्र्यांच्या मानेतील रोहिणीत मिठाचे तीव्र द्रावण सोडून लघवीचे प्रमाण घटते हे दाखवले आणि मेंदूत असे संवेदक असले पाहिजेत असा निष्कर्ष काढला. त्यांचा तो प्रदीर्घ निबंध १९४७ साली प्रसिद्ध झाला. तो आजही वाचनीय आहे, कारण पेशी प्रत्यक्ष पाहता येत नसताना केवळ लघवीचे थेंब मोजून त्यांनी मेंदूतील एका यंत्रणेचे नेमके स्थान जवळपास ओळखले होते.

आता मूत्रपिंडाकडे वळू. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतांश द्रव कोणत्याही आदेशाची वाट न पाहता रक्तात परत घेतात. अगदी शेवटी, संग्राहक नलिकांपर्यंत पोहोचलेल्या पाण्याचे काय करायचे, हा निर्णय मात्र व्हॅसोप्रेसिनवर सोपवलेला असतो. रक्तात शिरलेले संप्रेरक सर्व अवयवांपर्यंत जाते, परंतु ते ओळखणारे रिसेप्टर ज्या पेशींवर असतील त्याच पेशी त्याला प्रतिसाद देतात. संग्राहक नलिकांच्या पेशींवर व्ही-२ नावाचे रिसेप्टर असतात. व्हॅसोप्रेसिन त्यांना चिकटले की पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते आणि आत राखून ठेवलेल्या, केवळ पाणी जाऊ देणाऱ्या प्रथिनांच्या नळ्या पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसतात. या नळ्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. पाण्यासाठी अशा स्वतंत्र वाटा असतात हे पीटर ॲग्री यांनी १९९२ मध्ये सिद्ध केले आणि त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वाटा उघडल्या की पाणी रक्तात परत जाते आणि लघवी थोडी व दाट होते. संप्रेरक ओसरले की नळ्या पुन्हा आत ओढल्या जातात आणि लघवी पाण्यासारखी पातळ होते. रक्तातील व्हॅसोप्रेसिन अर्ध्यावर यायला साधारण १५ ते २० मिनिटे लागतात. म्हणूनच आपण दोन पेले पाणी प्यायलो की तासाभरात लघवीला जावे लागते. आपल्याकडे उन्हातून फिरून आल्यावर लघवीला जळजळ होते आणि ती गडद पिवळी येते, त्याला आपण उन्हाळी लागली म्हणतो. त्या गडद रंगामागे बहुतेक वेळा व्हॅसोप्रेसिनचेच कार्य असते. याउलट ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक तयारच होत नाही, त्यांना दिवसाला १५ लिटरहून अधिक लघवी होऊ शकते.

यावरून असे वाटेल की वडिलांचे रक्त पातळ होताच व्हॅसोप्रेसिन थांबायला हवे होते आणि जास्तीचे पाणी निघून जायला हवे होते. निरोगी तरुण माणसात तसेच घडते. परंतु शरीराला रक्ताच्या दाटपणाबरोबरच रक्ताचे एकूण आकारमानही सांभाळायचे असते आणि त्यासाठी पहारा वेगळा आहे. मानेतील व महारोहिणीच्या कमानीतील दाब-संवेदक, हृदयाचे अलिंद (वरचे कप्पे) आणि मूत्रपिंडातील काही खास पेशी हे आकारमान सतत पाहत असतात. ते घटले की मूत्रपिंड रेनिन नावाचे विकर रक्तात सोडते. रेनिनचा शोध स्टॉकहोममध्ये टिगरस्टेड आणि बर्गमन यांनी १८९८ मध्ये लावला. रेनिन यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनाचे तुकडे करते, त्यातील एक तुकडा मुख्यत्वे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर अँजिओटेन्सिन-२ मध्ये बदलतो, आणि ते ॲड्रिनल ग्रंथीच्या बाहेरच्या थराला अल्डोस्टेरॉन सोडायला लावते. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला मीठ राखायला सांगते. ते स्टेरॉइड असल्यामुळे पेशीच्या आत शिरते, तेथील रिसेप्टरला जोडले जाऊन केंद्रकात पोहोचते आणि नवीन प्रथिने तयार करवते, म्हणून त्याचा परिणाम दिसायला तासाभराहून अधिक वेळ लागतो. व्हॅसोप्रेसिन मिनिटांत काम करते आणि अल्डोस्टेरॉन तासांत, हा फरक त्यांच्या रेणूंच्या जातीतूनच येतो. उलट दिशेने काम करणारे संप्रेरकही आहे: अलिंदे ताणली गेली की हृदय स्वतःच मीठ बाहेर टाकायला लावणारे एक संप्रेरक सोडते, हे कॅनडात द बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले. हृदय ही एक अंतःस्रावी ग्रंथीही आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगताना मला दरवर्षी नव्याने आनंद होत असे.

आता आपल्या प्रश्नाचे मर्म. रक्त पातळ आहे म्हणून व्हॅसोप्रेसिन थांबवा असा एक संदेश आणि रक्ताचे आकारमान घटले आहे म्हणून ते सोडा असा दुसरा संदेश एकाच वेळी आला, तर काय होते? आकारमानातील थोडी घट हायपोथॅलॅमस फारशी मनावर घेत नाही. परंतु ती आठ-दहा टक्क्यांच्या पुढे गेली की व्हॅसोप्रेसिन मोठ्या प्रमाणात स्रवू लागते आणि रक्त पातळ असले तरी ते थांबत नाही. शरीर सोडियमचा आकडा बिघडू देते, पण मेंदू आणि हृदयाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होऊ देत नाही. रक्तस्राव झालेल्या प्राण्याला याच व्यवस्थेने वाचवले असेल. औषधे घेणाऱ्या वृद्ध माणसाला मात्र ती उन्हाळ्यात अडचणीत आणते. औषधांचा भाग माझ्यापेक्षा प्रत्यक्ष रुग्ण पाहणारे डॉक्टर अधिक अधिकाराने सांगतील.

डॉक्टर, धंतोली

सरांनी पाया इतका नीट घातला आहे की मी थेट पुढच्या भागाकडे येतो. मी आपल्या वडिलांना तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत निश्चित विधान करणार नाही. परंतु आपण दिलेली माहिती उन्हाळ्यात आम्हाला वारंवार दिसणाऱ्या चित्राशी जुळते.

क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि इंडापामाइड ही औषधे मूत्रपिंडाच्या दूरस्थ नलिकेत मीठ परत घेण्याचे काम रोखतात. लघवी पातळ करण्याचे काम ज्या भागांत होते, त्यांपैकी हा एक महत्त्वाचा भाग आहे. म्हणजे मीठ तर बाहेर जातेच, शिवाय जास्तीचे पाणी पातळ लघवीच्या रूपाने बाहेर टाकण्याची क्षमताही कमी होते. मिठाबरोबर रक्ताचे आकारमान किंचित घटते आणि सरांनी सांगितलेला दुसरा संदेश व्हॅसोप्रेसिनला जागे ठेवतो. मळमळ हे व्हॅसोप्रेसिन वाढवणारे अतिशय प्रबळ कारण आहे. सोडियम घसरल्यामुळे मळमळ आणि मळमळीमुळे आणखी व्हॅसोप्रेसिन, असे चक्र सुरू होते.

यात आहाराचा जो वाटा असतो, तो घरच्या मंडळींच्या लक्षात येत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो. मूत्रपिंड नुसते पाणी बाहेर टाकू शकत नाही. प्रत्येक लिटर लघवीबरोबर काही कण, म्हणजे मीठ आणि प्रथिनांपासून तयार झालेला युरिया, जावेच लागतात. लघवी जास्तीत जास्त पातळ केली तरी तिच्यात लिटरमागे सुमारे ५० मिलिऑस्मोल कण असतात. नीट जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण ६०० ते ९०० मिलिऑस्मोल कण तयार होतात, त्यामुळे तो गरज पडल्यास दहा-बारा लिटर पाणीसुद्धा बाहेर टाकू शकतो. चहा-टोस्टवर राहणाऱ्या वृद्धाच्या शरीरात हे कण २५० पर्यंत खाली येतात असे समजा आणि औषधामुळे त्याची लघवी २०० पेक्षा पातळ होऊच शकत नाही असेही समजा. मग २५० ला २०० ने भागल्यावर उत्तर येते सव्वा लिटर. त्याहून अधिक जेवढे पाणी तो पिईल, त्यातील घाम आणि श्वासावाटे गेलेले सोडून उरलेले सर्व शरीरात साठत राहील. दिवसभर कूलरसमोर बसणाऱ्या वृद्धाला घामही फारसा येत नाही. पाणी वाईट नव्हते, ते बाहेर जाण्याची वाट अरुंद झाली होती.

आता तपासण्यांविषयी. सोडियम ११८ असताना व्हॅसोप्रेसिन पूर्ण थांबलेले असावे आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी १०० च्या खाली असावी अशी अपेक्षा असते. ती त्याहून अधिक आली तर संप्रेरक अजून काम करत आहे किंवा लघवी पातळ होण्याची क्रिया अडली आहे असे कळते. रक्तशर्करा पाहण्याचे कारण असे की साखर खूप वाढली की ती पेशींमधील पाणी रक्तात ओढते आणि सोडियमचा आकडा खाली येतो. साखर डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅमने वाढली तर सोडियम साधारण १.६ ने घटते.

कॉर्टिसोल तपासण्याचे कारण अधिक खोल आहे. हायपोथॅलॅमसमधील ज्या पेशी पिट्यूटरीमार्फत ॲड्रिनलला जागे करणारे संप्रेरक तयार करतात, त्या त्याबरोबर व्हॅसोप्रेसिनही सोडतात आणि कॉर्टिसोल या दोन्हींना लगाम घालते. ॲड्रिनल ग्रंथी दुबळी असेल किंवा दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइड गोळ्या अचानक बंद केल्या असतील, तर हा लगाम सुटतो, व्हॅसोप्रेसिन वाढते आणि सोडियम घसरते. हे निदान चुकले तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते आणि ओळखले तर उपचार सोपा असतो, म्हणून शंका आली की कॉर्टिसोल तपासतो. त्याची पातळी पहाटेपासून चढत सकाळी सर्वाधिक होते व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, त्यामुळे नमुना सकाळी आठच्या आसपास घेतात. थायरॉइडची कमतरता सोडियम कमी करते ती सहसा फार तीव्र असेल तरच. टीएसएच किंचित वाढलेले दिसले म्हणून सगळा दोष थायरॉइडवर टाकू नये, असे माझे ठाम मत आहे.

ही सर्व कारणे नसताना, रक्ताचे आकारमान ठीक असतानाही व्हॅसोप्रेसिन अकारण स्रवत राहते अशी एक अवस्था श्वार्ट्झ, बार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांत वर्णन केली. तिला आम्ही एसआयएडीएच म्हणतो. न्यूमोनिया, मेंदूचे आजार, एस्सिटालोप्राम व सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरील औषधे आणि फिटसाठी दिले जाणारे कार्बामाझेपिन ही त्याची नेहमी आढळणारी कारणे आहेत.

सलाइन मोजून का दिले, हेही सांगतो. रक्त पातळ झाले की पाणी मेंदूच्या पेशींत शिरते आणि त्या फुगतात. तोल जाणे व विसंगत बोलणे त्यामुळेच. दोन दिवसांत मेंदूच्या पेशी स्वतःतील काही कण बाहेर टाकून या परिस्थितीशी जुळवून घेतात. अशा वेळी सोडियम झपाट्याने वाढवले तर त्याच पेशींतून पाणी वेगाने बाहेर ओढले जाते आणि चेतातंतूंवरील आवरणाला, विशेषतः मस्तिष्कस्तंभात, कायमची इजा होऊ शकते. म्हणून चोवीस तासांत वाढ साधारण ८ मिलिमोलच्या आत ठेवण्याचा प्रयत्न केला जातो आणि त्यासाठी रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागते. नातेवाइकांना हे संथपण बेचैन करते, पण त्याचे कारण हे आहे.

श्रीकांत, वर्धा रोड

माझा प्रश्न याच विषयाला जोडून आहे. मी बांधकामावर देखरेख करतो. मे महिन्यात बाहेरगावाहून नव्याने आलेले मजूर पहिल्या आठवड्यात गळून जातात, त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात आणि शर्टावर घामाच्या मिठाचे पांढरे डाग उमटतात. तेच मजूर पंधरा दिवसांनी त्याच उन्हात बरे काम करतात आणि ते डागही कमी दिसतात. हा नुसता सवयीचा भाग आहे की त्यामागेही संप्रेरके आहेत?

निवृत्त प्राध्यापक, महाल

श्रीकांतजी, आपले निरीक्षण अतिशय अचूक आहे. शर्टावरचे पांढरे डाग कमी होणे हा अल्डोस्टेरॉनच्या कार्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे.

घाम तयार होतो तेव्हा ग्रंथीच्या तळाशी त्याचा खारटपणा जवळपास रक्ताइतकाच असतो. तो नलिकेतून त्वचेकडे येताना त्यातील सोडियम परत आत घेतले जाते, आणि हे काम अल्डोस्टेरॉनच्या प्रभावाने वाढते. व्हॅसोप्रेसिनचा घामावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, त्यामुळे शरीर घामाचे पाणी फारसे वाचवू शकत नाही, पण मीठ वाचवू शकते. उन्हात काम सुरू झाले की घामावाटे मीठ जाते, रक्ताचे आकारमान घटते, रेनिन व अल्डोस्टेरॉन वाढतात आणि एक ते दोन आठवड्यांत घामातील सोडियमचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. त्याच काळात रक्तद्रवाचे आकारमान वाढते आणि घाम लवकर व अधिक येऊ लागतो, म्हणून शरीर चांगले थंड राहते. काम सुटले की ही तयारी काही आठवड्यांत ओसरते. त्यामुळे गावी जाऊन आलेला अनुभवी मजूरही पहिल्या दिवसांत नव्यासारखाच जपावा लागतो.

या संशोधनाची एक हकीकत मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिशिगन विद्यापीठातील जेरोम कॉन हे उष्ण व दमट हवेत माणसाचे शरीर कसे जुळवून घेते याचा अभ्यास करत होते. घाम आणि लघवी या दोन्हींतील मीठ एकाच वेळी कमी होते हे पाहून त्यांनी असे मांडले की ॲड्रिनल ग्रंथीतून मीठ राखणारे एखादे संप्रेरक वाढत असले पाहिजे. अल्डोस्टेरॉन तेव्हा कोणाला माहीतही नव्हते. ते सिल्व्हिया सिम्पसन, जेम्स टेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ च्या सुमारास वेगळे केले. पुढे कॉन यांच्याकडे एक स्त्री रुग्ण आली. तिचा रक्तदाब वाढलेला, पोटॅशियम घटलेले आणि स्नायू दुबळे झालेले होते. उन्हाच्या अभ्यासातील अनुभवामुळे त्यांनी ॲड्रिनलमधून अल्डोस्टेरॉन अकारण वाहत असल्याचे ओळखले. शस्त्रक्रियेत तेथे गाठ सापडली आणि १९५५ मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध झाले. आज उच्च रक्तदाबाच्या काही रुग्णांत, विशेषतः पोटॅशियम कमी असताना, अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचे गुणोत्तर तपासतात, त्याचे मूळ घामाच्या अभ्यासात आहे.

औषधविक्रेता, इतवारी

वरील चर्चेला एक व्यावहारिक जोड देतो. उन्हाळ्यात आमच्या दुकानात ओआरएस मागणारे ग्राहक पुष्कळ येतात आणि पाकीट पेलाभर पाण्यात घोळून पितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसारचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. त्या द्रावणात सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल असते. हे प्रमाण समान ठेवण्याचे कारण असे की लहान आतड्यातील एक वाहक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम एकत्रच आत घेते व पाणी त्यांच्या मागे जाते. पाणी कमी घातले की द्रावण तीव्र होते, त्याचा उपयोग घटतो आणि लहान मुलांना त्यापासून अपायही होऊ शकतो. खोक्यात मिळणारी अनेक गोड पेये ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत, कारण त्यांत साखर जास्त आणि सोडियम कमी असते. श्रीकांतजींच्या मजुरांसाठी मीठ घातलेले ताक, पन्हे आणि दोन वेळचे पोटभर जेवण यांचा मला अधिक भरवसा वाटतो.

अनुजा, मानेवाडा

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, याबद्दल आभारी आहे. सव्वा लिटरचे गणित मी घरी सर्वांना समजावून सांगितले. आणखी दोन गोष्टी विचारते. शेजारच्या काकू म्हणतात की सोडियम कमी झाले होते, तर आता बाबांच्या जेवणात मीठ वाढवा. ते करावे का? आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पाणी किती प्यावे? त्यांना तहान लागल्याचे स्वतःहून फारसे कळत नाही, असे आमच्या लक्षात आले आहे.

डॉक्टर, धंतोली

मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नका. आता सोडियम १३६ आहे आणि त्यांना रक्तदाब आहे. जास्तीचे मीठ आकारमान वाढवेल आणि रक्तदाब चढवेल. त्यांना गरज आहे ती पूर्ण जेवणाची. वरण, दही, उसळ, चालत असल्यास अंडे, असे प्रथिने असलेले पदार्थ दोन्ही वेळा पोटात गेले की युरिया तयार होतो आणि पाणी बाहेर टाकण्याची मूत्रपिंडाची क्षमता आपोआप वाढते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

तहानेविषयी आपले निरीक्षण बरोबर आहे. वाढत्या वयात तहानेची जाणीव बोथट होते आणि मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची व पातळ करण्याची, अशा दोन्ही क्षमता कमी होतात. म्हणून वृद्धांचे सोडियम उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना ढळू शकते: पाणी कमी पडले तर ते १४५ च्या वर जाते आणि फार झाले तर १३५ च्या खाली येते. दोन्हींत सुस्ती आणि गोंधळलेपण सारखेच दिसते आणि घरी बसून फरक ओळखता येत नाही. रक्त तपासावेच लागते. पाण्याचा एकच आकडा मी येथे लिहिणार नाही, कारण तो त्यांचे वजन, हृदय, मूत्रपिंड आणि औषधे यांवर ठरेल. एप्रिलमध्ये त्यांच्या डॉक्टरांकडून तो लिहून घ्या आणि त्याच वेळी सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी) तपासून घ्या. उन्हाळ्यात जुलाब, उलट्या किंवा ताप आला तर कोणती गोळी थांबवायची, हेही आधीच विचारून ठेवा.

एक गोष्ट मात्र आजच करा. ज्या व्यक्तीचे सोडियम या गटातील औषधाने एकदा घसरले आहे, तिला तेच औषध पुन्हा दिले तर ते पुन्हा घसरण्याची शक्यता मोठी असते. ही औषधे रक्तदाबाच्या अनेक जोडगोळ्यांत दुसऱ्या घटकाच्या रूपाने असतात आणि नवीन डॉक्टरांना पूर्वीचा प्रसंग माहीत नसतो. वडिलांच्या फाइलच्या पहिल्या पानावर क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि इंडापामाइड ही तीन नावे व शेजारी सोडियम ११८ असे मोठ्या अक्षरांत लिहा, आणि कोणतीही नवीन गोळी आणल्यावर पाकिटावरील घटकांत यांपैकी एखादे नाव आहे का ते औषधविक्रेत्याकडून वाचून घ्या.